हात बाहेर काढू नकोस

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकायला बसले तेव्हा सगळ्यात आधी माझे पाय अडखळले. डाव्या पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, उजव्या पायाखाली फेको मशीनचं, म्हणजे गढूळ भिंग फोडून ओढून काढणाऱ्या यंत्राचं. डाव्याने फोकस आणि झूम सांभाळायचं. उजवं पेडल थोडं दाबलं की डोळ्यात नुसतं पाणी जातं, आणखी दाबलं की ओढून घेणं सुरू होतं आणि पूर्ण दाबलं की अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा व्हायला लागतो. ही तीन पावलं डोक्याला एका मिनिटात कळतात. पायाला कळायला फार वेळ लागतो. कित्येक रात्री मी खुर्चीत बसून रिकाम्या जमिनीवर पाऊल दाबत असे. एक, दोन, तीन, आणि परत एकवर.

सुरुवातीचं वर्ष ओपीडीत गेलं. चष्म्याचे नंबर, डोळ्याचा दाब, डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे स्लिट लॅम्पवर, तासन्‌तास. मग प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव. टाके घालायला तो उत्तम. पण त्यांच्या भिंगाची कॅप्सूल, म्हणजे भिंगाभोवतीचा पापुद्रा, जास्त ताणली जाते, त्यामुळे तिथे जमलेलं माणसाच्या डोळ्यात जमेलच असं नाही.

आम्हाला शस्त्रक्रिया शेवटाकडून शिकवली. सगळं आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम करायच्या आणि अखेरीस, जागा टिकवायला डोळ्यात भरलेलं जेल धुऊन काढायला मला बसवायच्या. ते हातात बसल्यावर भिंग घालायला दिलं. घडी घातलेलं भिंग अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातं आणि हळूहळू उलगडतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी श्वास घ्यायचं विसरले होते. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, कण घुसले होते आणि डोळ्याने ते निमूट सोसले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या काळी त्यांना केवढा विरोध झाला! एखादं भिंग नीट बसलं की मला अजूनही त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते.

मग रेक्सिस. भिंगावरच्या पापुद्र्याला मधोमध साधारण ५ मिलिमीटरचं गोल भोक फाडून करायचं. फाडायचंच, पण फाटत जाणारी कड स्वतःच्या मनाने बाहेरच्या बाजूला पळू द्यायची नाही. ती पळायला लागली की पहिला उपाय एकच: थांबायचं, जेल भरायचं आणि मग पुन्हा पकडायचं. मला ते शिकायला बरेच महिने लागले, कारण घाबरलेला हात थांबत नाही, ओढतो.

पूर्ण केस हातात आल्यावर काही आठवड्यांतच ते घडलं. एका आजींचा डोळा. भिंगाचे चार तुकडे झाले होते, तीन गेले होते, चौथा जात होता. अचानक डोळ्यातली भिंगापुढची पोकळी खोल दिसू लागली, बाहुली क्षणभर मोठी झाली आणि तुकडा हत्याराच्या टोकाकडे येईना. मागची कॅप्सूल फाटली होती. ती मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाड असते आणि तिच्यामागे लगेच व्हिट्रियस, डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ.

माझा हात मागे निघालाच होता. शेजारून मॅडम अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हात बाहेर काढू नकोस. पाय एकवर."

त्या क्षणी हत्यार खेचून काढलं की आतला दाब एकदम पडतो, व्हिट्रियस पुढे धावतं आणि फट आणखी वाढते. पाय एकवर असेल तर पाणी चालू राहतं, दाब टिकतो. तेवढ्यात दुसऱ्या हाताने बाजूच्या छेदातून जेल भरायचं आणि मगच बाहेर यायचं. मी तेवढं केलं. आजी पूर्ण जाग्या होत्या. "झालं का गं?" त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, थोडा वेळ जास्त लागेल, डोळा स्थिर ठेवा." खोटं एक अक्षर नाही आणि घबराटही नाही. असं बोलता येणं हेही शस्त्रक्रियेतलंच कौशल्य आहे, असं मी मानते.

पुढचं मॅडमनी केलं. तो तुकडा जेलवर उचलून धरला आणि मागे पडू न देता काढला, पुढे आलेलं व्हिट्रियस कटरने कापून साफ केलं आणि तीन भागांचं भिंग कॅप्सूलच्या पुढ्यात बसवलं. नंतर मला म्हणाल्या, "आजींना तू सांगायचंस." मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की भिंगामागचा पापुद्रा माझ्या हातून फाटला, भिंग बसलं आहे, सूज उतरायला वेळ लागेल आणि डोळ्याच्या आतला पडदा वरचेवर तपासावा लागेल. त्यांनी माझा हात धरून ठेवला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्या रात्री मी रेकॉर्डिंग पाहिलं. पाच-सहा वेळा. पडद्यावर माझे हात दिसत होते आणि त्यांची चूक सापडत नव्हती. मग मॅडमनी मशीनचे आकडे बघायला सांगितलं. तुकड्याचा मोठा भाग आत ओढला गेला होता, टोक मोकळं झालं होतं आणि पाय तिसऱ्यावरच होता. अडथळा सुटल्याबरोबर पाणी भसकन ओढलं गेलं, पोकळी आक्रसली आणि मागची कॅप्सूल वर उचलून टोकात आली. सगळं एका सेकंदाच्या आत.

आजी महिनाभराने आल्या तेव्हा तक्त्यावरच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत होत्या. मी त्यांच्याबरोबर प्रत्येक अक्षर मनात म्हणत होते.

तोवर माझी पुढची केस झाली होती. चौथ्या तुकड्याला हात थरथरला, तो मी पेशंटच्या कपाळावर टेकवून स्थिर केला. तुकडा टोकाला लागला, अर्धा आत गेला. तो सुटायच्या आत माझं पाऊल उचललं गेलं होतं. मागची कॅप्सूल आरशासारखी सपाट, लालसर उजेडात चमकत होती. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी सिस्टरना भिंग उघडायला सांगितलं.