हिरवी-जांभळी पेशी

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टला प्रोटोप्लास्ट फ्यूजन घेतलं, म्हणजे भिंत काढलेल्या पेशी एकमेकींत जोडणं. तंबाखूचं पान आणि जांभळ्या पिटुनियाची पाकळी. जोडी निवडायचं कारण एवढंच, की दोन पेशी खरंच एक झाल्या तर रंगावरूनच कळावं.

पानाची खालची साल चिमट्याने सोलायची आणि तुकडे सेल्युलेज-मॅसरोझाइमच्या द्रावणात रात्रभर अंधारात ठेवायचे. ही एंझाइम्स बुरशीतून काढलेली. झाडपाला कुजवणं हा बुरशीचा घरचाच धंदा. सकाळपर्यंत पेशीभित्तिका विरघळते आणि उघडे, गोल प्रोटोप्लास्ट उरतात.

पहिल्या खेपेला मी ते मॅनिटॉल (द्रावण दाट ठेवणारं साखरेसारखं द्रव्य) न घातलेल्या द्रावणात धुतले. भिंत नसलेल्या पेशीत पाणी शिरत राहतं, आणि अडवायला काहीच नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता हिरवा गाळ. मॅडम काही बोलल्या नाहीत, मॅनिटॉलची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. त्यानंतर पिपेटचं टोक कापून रुंद करायला शिकले, सेंट्रिफ्यूज अगदी हळू फिरवायला शिकले. पाकळीच्या पेशी तर नुसत्या धक्क्यानेही फुटायच्या.

जोडणं त्यामानाने सोपं. ४० टक्के पेगचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा) थेंब सोडला, की पेशी भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या एकमेकींना चिकटतात. मग कॅल्शियम असलेल्या अल्कली द्रावणाने पेग सावकाश धुवायचं. पेशी एक होतात त्या बहुतेक याच वेळी. माझ्या बहुतेक जोड्या हिरव्या-हिरव्याच निघाल्या, काही ठिकाणी तर पाच-सहांचा गोळा. एका दुपारी मात्र एकाच गोलात जांभळा रस आणि कडेला हिरवे हरितकण दिसले. एकीवर एक बसल्यात की काय म्हणून फोकस चार वेळा खालीवर केला. एकच होती!

१९७२ साली कार्लसन यांनी तंबाखूच्या दोन जातींच्या अशा पेशींपासून अख्खं संकरित रोप वाढवलं होतं. माझी पेशी एकदाही विभागली नाही, काही दिवसांत तपकिरी पडली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, जिवाणूशी असं जोडता येईल का? मी सांगितलं, जपानमध्ये १९८१ साली हासेझावा आणि सहकाऱ्यांनी ॲग्रोबॅक्टेरियमची भिंत काढून तो सदाफुलीच्या कुळातल्या व्हिन्काच्या प्रोटोप्लास्टमध्ये घातला, आणि जिवाणूचा डीएनए झाडाच्या पेशींत उतरला.

"मग तुम्ही का नाही केलंत?"

"सर, मला तंबाखूची भिंत काढण्यातच चार महिने गेले."