प्रश्न क्रमांक ९ आणि हुकलेली शिवजयंती

१९ फेब्रुवारीचं, शिवजयंतीचं रक्तदान शिबिर हातचं गेलं, याचा राग अजून उतरलेला नाही.

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाला मी विषय घेतला होता: रक्तदाते पात्रतेचे नियम खरंच पाळतात का? शिबिरात सुई टोचण्याआधी जो फॉर्म असतो, त्यात सगळे 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करतात. तेच रक्त देऊन झाल्यावर, नाव न विचारता, एकट्याला विचारलं तर काय सांगतात, एवढंच बघायचं होतं. गाईड मॅडम चांगल्या, रक्तपेढीचं पत्रही आठवड्यात हातात. मग फाईल संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे गेली आणि तिथंच बसली.

अडला तो नववा प्रश्न. मी लिहिलं होतं, 'गेल्या वर्षभरात नवरा किंवा बायको सोडून दुसऱ्या कुणाशी शरीरसंबंध आला का?' एका सदस्यांना हे फार उघडं वाटलं. "तुम्ही मुलगी असून परक्या पुरुषांना हे विचारणार?" मी म्हटलं, सर, मी विचारणार नाही, कागद विचारेल. दुरुस्ती होऊन आलं: 'आपण विवाहबाह्य लैंगिक वर्तनात सहभागी झाला आहात काय?' मेसच्या मावशींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "वर्तन म्हंजी वं?" शिवाय शिबिरातली निम्मी पोरं बिनलग्नाची. त्यांनी विवाहाच्या बाहेर जायचं म्हणजे नेमकं कुठं जायचं?

पुढं मराठीचं इंग्रजी, त्या इंग्रजीवरून पुन्हा ताडून पाहणं, आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्र. ते साध्या कागदावर चालत नाही, लेटरहेडवर लागतं, जावक क्रमांकासह. एका मंगळवारी बाबू म्हणाले साहेब लातूरला गेलेत. पुढच्या मंगळवारी साहेब होते, बाबू रजेवर. बैठकीला डॉक्टरांबरोबर वकील आणि बाहेरचा सामान्य माणूसही लागतो. दोनदा कोरमच भरला नाही. तुम्ही यातून जाणार असाल तर बैठकीच्या तारखा आधी काढा आणि मगच विषय ठरवा. मी उलटं केलं.

खरं सांगायचं तर, कामाचा प्रश्न कमिटीत एकाच मॅडमनी विचारला. एखाद्यानं तुमच्या कागदावर 'हो' लिहिलं, तर त्याच्या पिशवीचं काय करणार? नाव नाही, नंबर नाही, आणि रक्त तर पेशंटला जाणार. तपासणी होते हे खरं, पण एचआयव्हीसारखी लागण नवी असेल तर काही दिवस ती तपासणीत सापडत नाही. हे मला सुचायला हवं होतं. मग प्रत्येकाला एक वेगळी चिठ्ठी द्यायचं ठरलं: रक्तपेढीचा फोन, पिशवीचा नंबर, आणि 'माझं रक्त वापरू नका, एवढंच सांगा. कारण सांगावं लागणार नाही.'

शेवटी तिसऱ्या महिन्यात सामान्य माणूस म्हणून नेमलेले निवृत्त गुरुजी बैठकीला आले. दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "पहिलंच बरं हाय की. पोराला कळंल तरी." माझं मूळ वाक्य शिक्का मारून मला परत मिळालं. तोवर शिवजयंती होऊन गेली होती.

मग १४ एप्रिलच्या शिबिरापासून सुरुवात केली, आणि उशिराचा एक फायदा झाला. १९ फेब्रुवारी ते १४ एप्रिल म्हणजे ५४ दिवस. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बायकांना १२०. (बायकांसाठी वेगळी ओळ टाकायची मी विसरले, पहिल्या दिवसाचे त्यांचे कागद वाया.) एका पोराला विचारलं, याआधी कधी दिलं?

"जयंतीला."

"कोणत्या?"

"शिवजयंतीला, मॅडम."

"आणि फॉर्मवर सहा महिने लिहिलंय?"

"फॉर्म भाऊनं भरले सगळ्यांचे. म्या सही केली."

भाऊ म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. त्याला किती पिशव्या झाल्या ते बॅनरवर लावायचं असतं. पोरं भेट मिळणाऱ्या पाण्याच्या जारसाठी येतात असं लोक म्हणतात, मला तसं वाटलं नाही. नाही म्हटलं की मित्र हसतात, हे मोठं कारण. एकानं बाहीखाली ताजं गोंदलेलं दाखवलं. त्यासाठी वर्षभर थांबावं लागतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आपलं टेबल मंडळाच्या टेबलापासून लांब, चहा-बिस्किटांच्या पलीकडे ठेवा. कागद घडी करून बंद पेटीत टाकू द्या. पेन मात्र दोरीनं बांधा, माझी पहिल्या तासात अकरा गेली.

पेटी उघडली तेव्हा नवव्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे कागद निघाले. दुसऱ्या दिवशी रक्तपेढीत गेले, तर तंत्रज्ञ म्हणाले, एक फोन आला होता, पिशवी बाजूला काढली.

कमिटीनं आता अहवालाच्या तीन प्रती मागितल्यात, स्पायरल बाइंडिंग करून. मंगळवारीच द्यायच्या.