गालिच्यावरचा चहा आणि धुतल्यावर आलेली तपकिरी झाक

आमच्या अंबाजोगाईच्या वाचनालयातला गालिचा उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा आहे. वर लोकर, आत सुताचा ताणा, म्हणजे विणीतले उभे धागे. व्याख्यानाला पाहुणे आले की तो अंथरायचा, आणि पाहुणे म्हटलं की चहा आलाच. डाग साचत गेले. शेवटी बाहेर धुवायला दिला, तर डाग तसेच आणि वरून फिकट भागावर तपकिरी झाक चढलेली. मळ राहिला असेल, पुन्हा धुवा, असं सगळ्यांचं म्हणणं. मी मात्र नको म्हणाले.

कारण ती झाक मळाची नसते. सुती ताणा चिंब भिजून सावकाश वाळला, की सुतातली पिवळसर द्रव्यं पाण्याबरोबर लोकरीच्या टोकांपर्यंत चढतात, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तशी, आणि हवा लागून तपकिरी होतात. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर वापरली की हे आणखी वाढतं, चहाचा रंगही पक्का बसतो. त्यात आमचं बोअरचं पाणी जड. धुऊन धुऊन ते बिघडणारच होतं.

आधी डाग घेतले. आपला चहा दुधाचा आणि गोड, म्हणून नुसत्या व्हिनेगरसारख्या आंबटानं भागत नाही. गार पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड अगदी थोडं घालून पांढऱ्या सुती फडक्यानं डाग कडेकडून मध्याकडे टिपत आणला. घासायचं नाही, घासलं की लोकर पिंजते. वाचनालयातले मामा शेजारी तांब्या घेऊनच उभे होते. "ताई, पाणी तरी टाका की जरा!" त्यांना म्हटलं, "मामा, पाण्यानंच तर हे झालंय." दूध-साखर निघाल्यावर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असं मिश्रण टिपलं. फडक्यावर चहाचा रंग उतरताना स्पष्ट दिसतो. फडक्याची स्वच्छ बाजू फिरवत राहायची.

तपकिरी झाकेवर हेच मिश्रण स्प्रेच्या बाटलीनं फक्त वरवर मारलं. लोकरीची टोकं ओलसर व्हावीत, ताण्यापर्यंत ओल जाऊ नये. मग कोरडं फडकं दाबून ओल काढली. झाक डोळ्यांदेखत फिकी पडत गेली, त्याचा आनंद काय सांगू! आधी लाल किनारीच्या कोपऱ्यात फडकं दाबून रंग सुटत नाही ना, ते मात्र जरूर बघा.

वाळवणं हे निम्मं काम. गालिचा सावलीत बाजेवर पालथा घातला आणि दोन्हीकडून पंखा लावला. पालथा असला की उरलीसुरली द्रव्यं पाठीकडे जातात. आपल्याकडचा एप्रिलचा कोरडा वारा यासाठी उत्तम. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

एक जुना डाग तरीही हटला नाही. मेडिकलमध्ये मिळणारं २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे ६ टक्के. त्यात तितकंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणलं, पाठीमागे तपासून पाहिलं आणि कापसाच्या बोळ्यानं तेवढ्या जागेवरच लावलं, मग साध्या पाण्यानं टिपून काढलं. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच मात्र हातातही घेऊ नका. त्यानं लोकर विरघळते, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

त्या जागी आता फिकट सावली उरली आहे. आणखी जोर लावला तर लोकर जाईल, म्हणून मी तिथंच थांबले.