तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्शियमच्या गोळीने इन्सुलिन वाढेल का?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि मधुमेहाविषयी सर्वसामान्य श्रोत्यांपुढे बोलण्याचा प्रसंग येतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो: स्वादुपिंडातील बीटा पेशीत कॅल्शियम शिरले की इन्सुलिन बाहेर पडते असे तुम्ही म्हणता, तर मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याने इन्सुलिन अधिक सुटून साखर उतरेल का? उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु एवढ्यावर विषय मिटवणे मला पटत नाही, कारण विचारणाऱ्याने कार्यकारणभाव बरोबर ओळखलेला असतो. त्याला फक्त मधला एक दुवा कोणी सांगितलेला नसतो.

रक्तात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल असते, तर विश्रांत अवस्थेतील पेशीच्या द्रवात ते त्याच्या साधारण दहा हजाराव्या हिश्शाइतकेच असते. पेशीचा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम व फॉस्फेट मुबलक प्रमाणात एकत्र आले तर त्यांचा अविद्राव्य साका बनतो, म्हणून पेशी अखंड ऊर्जा खर्चून कॅल्शियम बाहेर फेकत राहते. या दुर्भिक्षामुळेच आत शिरलेले थोडेसे कॅल्शियमही संदेश ठरू शकते. बाहेर साठा पहिल्यापासूनच प्रचंड आहे. प्रश्न आहे तो दार कधी आणि कोठे उघडते याचा.

जेवणानंतर ग्लुकोज बीटा पेशीत शिरते, त्याच्या विघटनातून एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे प्रमाण वाढते, त्यामुळे पेशीपटलातील पोटॅशियमच्या विशिष्ट वाहिन्या, म्हणजे ये-जा करण्याची दारे, बंद होतात, पेशीपटलावरील विद्युतदाब बदलतो आणि कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. उघडलेल्या वाहिनीच्या मुखाशी, मीटरच्या काही कोट्यंशांच्या परिसरात, कॅल्शियम क्षणार्धात शेकडो पटींनी वाढते. तेथून जरा दूर गेले की ती वाढ झपाट्याने ओसरते. एका बीटा पेशीत इन्सुलिनने भरलेल्या सुमारे दहा हजार पुटिका, म्हणजे पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या, असतात. परंतु त्यांपैकी अगदी थोड्याच पेशीपटलाला लागून सज्ज असतात, आणि त्यांतही वाहिनीच्या निकट असलेल्यांना हा संदेश सर्वांत प्रबळ मिळतो.

या पुटिका कॅल्शियम ‘ओळखतात’ ते कशामुळे, हा माझ्या मते सर्वांत सुंदर भाग आहे. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेविन आणि पेशीपटलावरील सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिने वेणीसारखी एकमेकांत गुंफली जातात आणि दोन पटलांना एकमेकांजवळ खेचतात. ही ओढ कॅल्शियमवाचूनही निर्माण होऊ शकते. वेळ साधण्याचे काम मात्र सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनकुळाचे आहे. या प्रथिनाला सी२ नावाचे दोन भाग असतात आणि त्यांच्या टोकाशी ऋणभारित अमिनो आम्लांचा पुंजका असतो. तेथे कॅल्शियमचे आयन, म्हणजे धनभारित अणू, बसले की ऋणभारित पेशीपटलाशी असलेले अपकर्षण संपते, प्रथिनाची टोके त्या पटलात रुततात आणि पुटिका त्यात विलीन होऊन आतील द्रव्य बाहेर सांडते. रुतण्यामुळे विलीन होण्याला आधी असलेला अटकाव दूर होतो, की पटलच वाकवले जाते, याविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत. दोन्ही घडत असावे असे मला वाटते.

अनेक आयन मिळून हे काम करत असल्यामुळे प्रतिसाद सरळ प्रमाणात वाढत नाही. १९६७ मध्ये डॉज आणि राहामिमॉफ या संशोधकांनी बेडकाच्या चेतातंतू व स्नायू यांच्या जोडावर, जेथे रासायनिक संदेशही अशाच पुटिकांतून सुटतो, दाखवले की कॅल्शियम दुप्पट झाले तर स्राव जवळजवळ सोळापट होऊ शकतो. कुळातील सर्व प्रथिने सारखी नसतात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चेतापेशींतील सिनॅप्टोटॅग्मिन-१ला भरपूर कॅल्शियम लागते, पण ते एक सहस्रांश सेकंदाच्या आत काम उरकते. १९९४ मध्ये ते निकामी केलेल्या उंदरांत हा तत्काळ होणारा स्राव नाहीसा झाला, तर सावकाश होणारा शिल्लक राहिला. बीटा पेशीत मुख्य भार सिनॅप्टोटॅग्मिन-७वर असतो, जे कमी कॅल्शियमलाही दाद देते, मात्र संथपणे. हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरील २००८ मधील अभ्यासात इन्सुलिनची निर्मिती आणि त्याला शरीराचा प्रतिसाद शाबूत असूनही ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन कमी सुटत होते. साठा असूनही तो वेळेवर न सुटणे म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून सांगते.

एखादा चिकित्सक श्रोता येथे म्हणेल की प्रयोगशाळेत तर बाहेरचे कॅल्शियम बदलले की स्राव बदलतो. ते खरे आहे. १९६६ मध्ये ग्रॉड्स्की आणि बेनेट यांनी उंदराच्या वेगळ्या काढलेल्या स्वादुपिंडावर दाखवले की भोवतालच्या द्रवातून कॅल्शियम वगळले तर ग्लुकोज देऊनही इन्सुलिन सुटत नाही. परंतु जिवंत शरीरात पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातील कॅल्शियमला फारसे हलू देत नाहीत, आणि गोळीतून आलेले जास्तीचे कॅल्शियम हाडांकडे किंवा लघवीवाटे मार्गी लागते. (या ग्रंथींच्या पेशी वेगळ्याच: रक्तातील कॅल्शियम वाढले की त्यांचा स्राव कमी होतो.)

बीटा पेशीतील कॅल्शियम वाढवणारी गोळी अस्तित्वात नाही असे मात्र नाही. ग्लिमेपिराइड आणि त्याच्या गटातील मधुमेहावरची औषधे तीच पोटॅशियम वाहिनी बंद करतात जी एरवी ग्लुकोजमुळे बंद होते. पुढची सारी घडामोड, कॅल्शियमच्या प्रवेशापासून सिनॅप्टोटॅग्मिनच्या हालचालीपर्यंत, आपोआप घडते, आणि गोळीत कॅल्शियमचा कणही नसतो. ग्लुकोज कमी असतानाही वाहिनी बंदच राहू शकते, म्हणून या औषधांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता असते आणि ती घेणाऱ्याने जेवण चुकवू नये, असे डॉक्टर आवर्जून बजावतात. हाडांसाठी सांगितलेली कॅल्शियमची गोळी हाडांसाठीच घ्यावी. ती बीटा पेशीचे दार उघडत नाही.