विंडसरला चाळीस माणसं घेऊन जाताना

लंडनजवळच्या विंडसर किल्ल्याची सहल ठरवताना आधी वार बघायचा, मग तारीख. मंगळवारी आणि बुधवारी किल्ला पाहुण्यांसाठी बंद असतो. रविवारी उघडा असतो, पण सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये त्या दिवशी फक्त प्रार्थनेला येणाऱ्यांना सोडतात. पहारा बदलण्याचा सोहळा बहुतेक आठवड्यांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी ११ ला होतो. मंगळवारी आत जाता येत नाही आणि शनिवारी गर्दी मरणाची, म्हणून उरला गुरुवार. नोकरदारांना रजा काढावी लागते हे खरं, पण भारतातून आई-बाबा आलेले असतील तर ती रजा इथेच खर्च करावी.

वार ठरला तरी काम संपत नाही, कारण हे राजाचं राहतं घर आहे. बकिंगहॅम पॅलेसची दुरुस्ती अनेक वर्षं चालू असल्यानं परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या मेजवान्या विंडसरला होऊ लागल्या. २०२५ साली जुलैत फ्रान्सचे अध्यक्ष आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष इथेच उतरले होते. अशा वेळी राजदालनं, कधी अख्खा किल्ला, आधी-नंतरचे काही दिवस बंद ठेवतात. जूनमध्ये गार्टर या जुन्या सरदारकीच्या किताबाच्या समारंभाच्या सोमवारीही तेच. तिकीट काढताना अधिकृत संकेतस्थळावर बंद दिवसांची यादी बघा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा बघा. दुसऱ्यांदा बघायचं बहुतेक जण विसरतात.

मोठ्या माणसाचं तिकीट ३० पौंडांच्या आसपास पडतं. आगाऊ काढलेलं स्वस्त, दारावर महाग. पाच वर्षांखालील मुलं फुकट. १५ किंवा जास्त माणसं असतील तर गटाचा दर मिळतो, पण लंडन परिसरात राहणाऱ्यांनी इथे थोडं थांबून विचार करावा. किल्ल्याची तिकिटं विकणाऱ्या रॉयल कलेक्शन ट्रस्टकडून थेट घेतलेलं तिकीट त्याच भेटीत, बाहेर पडण्यापूर्वी, वर्षभराच्या पासात बदलून घेता येतं. स्लाऊ, हाउन्स्लो किंवा रेडिंगला राहणाऱ्या कुटुंबाला गटातली थोडी सवलत सोडून हा पास घेणं जास्त फायद्याचं, कारण पुढच्या महिन्यात सासू-सासरे आले की पुन्हा यायचंच असतं. ज्यांना सोबतीची गरज आहे अशा अपंग व्यक्तीच्या सोबत्याला तिकीट पडत नाही, पण तशी नोंद आगाऊ करावी लागते.

आगगाडीचे दोन रस्ते आहेत. पॅडिंग्टनहून स्लाऊ, तिथे गाडी बदलून सहा मिनिटांत विंडसर अँड ईटन सेंट्रल. हे स्टेशन किल्ल्याच्या अगदी समोर आहे. दुसरा रस्ता वॉटर्लूहून, न बदलता, विंडसर अँड ईटन रिव्हरसाइडपर्यंत. त्याला तासाभराच्या आसपास वेळ लागतो आणि शेवटी थोडं चढावं लागतं. गुडघे दुखणारी माणसं असतील तर पहिला रस्ता, लहान मुलं आणि सामान असेल तर दुसरा. तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करत असतील तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह सवलतीत एक तृतीयांश भाडं वाचतं. चाळीस जणांचे पाच गट करा, एकेका माणसाला आठ-आठ तिकिटं सांभाळू द्या. सवलत सगळे मिळून प्रवास करण्यावर आहे, त्यामुळे एकजण 'मी मागच्या गाडीनं येतो' म्हणाला की त्याच्या तिकिटाचा घोळ होतो.

कोच केला तर तो किल्ल्याजवळ थांबत नाही. कोच पार्क खाली आल्मा रोडला आहे. तिथून पादचारी पूल सेंट्रल स्टेशनात येतो आणि स्टेशनातल्या दुकानांमधून बाहेर पडलं की समोर किल्ला. नकाशावर पाच मिनिटं दिसतात. चाळीस माणसांना, त्यातली दहा साठीच्या पुढची, पंधरा ते वीस मिनिटं धरा. चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानं द्यावी लागते, त्यामुळे 'आलोच आहोत तर बाथ आणि स्टोनहेंजही करू' या बेतात विंडसरच्या वाट्याला दोन तास येतात. दोन तासांत राजदालनं घाईघाईनं होतात, चॅपल राहतं आणि बाहेर दुकानात फ्रीज मॅग्नेट घेऊन लोक बसमध्ये बसतात. अशी सहल करण्यापेक्षा विंडसर गाळलेलं बरं.

मुंबईहून येणाऱ्या टूर कंपन्या विंडसर बऱ्याचदा पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी ठेवतात, कारण हीथ्रो जवळ आहे. शेवटचा दिवस चालतो. पहिल्या दिवशी रात्रभर विमानात बसून आलेला माणूस व्हॅन डाइकच्या चित्रापुढे उभ्या उभ्या पेंगतो. दोन्ही वेळी सुटकेसेस आत नेता येत नाहीत, त्या कोचमध्येच राहतात, म्हणजे कोच दिवसभर तुमच्याच ताब्यात हवा.

प्रवेशाला वेळ ठरवून दिलेली असते. १० चं तिकीट घ्या आणि पावणेदहाला कॅसल हिलवर राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यापाशी सगळ्यांना उभं करा. पुतळा १८८७ सालचा, तिच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा. भेटायची जागा दिवसभर हीच ठेवा. 'आत शिरलो त्याच दारापाशी भेटू' असं सांगितलं की हमखास चुकामूक होते, कारण बाहेर पडायचा रस्ता वेगळा आहे, उताराच्या खालच्या टोकाला, आठव्या हेन्रीच्या दरवाजानं.

आत जाताना विमानतळासारखी तपासणी होते. फळं कापायला पर्समध्ये ठेवलेली छोटी सुरी, नेलकटरचा संच, शिवणाच्या डबीतली कात्री यांवर रांग अडते. आदल्या रात्रीच्या व्हॉट्सॲप निरोपात याचा वेगळा उल्लेख करा, 'धारदार वस्तू आणू नयेत' एवढ्यानं कोणाला आपली सुरी आठवत नाही. डबा पिशवीत राहू द्या, पण दालनांत आणि चॅपलमध्ये खायला-प्यायला मनाई आहे. फोटोही दोन्ही ठिकाणी काढता येत नाहीत. पटांगणांत हवे तेवढे काढा.

कानाला लावून ऐकायची माहिती तिकिटातच मिळते. ती मराठीत नाही, त्यामुळे इंग्रजीची सवय नसलेल्या ज्येष्ठांना गटप्रमुखानं आधीच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. 'आधीच' म्हणायचं कारण, राजदालनांत गटाला घोळक्यानं उभं करून व्याख्यान द्यायची परवानगी नसते. नॉर्थ टेरेसवर सांगा. तिथून थेम्स आणि पलीकडे ईटन कॉलेज दिसतं आणि किल्ला इथेच का, हेही कळतं. विल्यम द कॉन्कररनं १०७० च्या दशकात लंडनभोवती किल्ल्यांचं कडं उभारलं, त्यातला हा एक, नदीकाठच्या खडूच्या, म्हणजे मऊ चुनखडीच्या, कड्यावर. मधला गोल बुरूज ज्या टेकाडावर आहे ते माणसांनी माती आणि खडू रचून केलेलं आहे. त्याच्याभोवतीच्या खंदकात पाणी कधीच नव्हतं, कारण खडूत पाणी ठरत नाही. आज तिथे बाग आहे. बुरुजावर राजाचा स्वतःचा ध्वज असेल तर राजा घरात आहे, युनियन जॅक असेल तर नाही. मुलांना हे आधी सांगितलं की दिवसभर माना वर राहतात.

गुरुवारी पुढचा क्रम महत्त्वाचा. सैनिक पावणेअकराच्या सुमाराला व्हिक्टोरिया बराकीतून निघून हाय स्ट्रीटनं चालत येतात. हे रस्त्यावरून फुकट दिसतं. मुख्य सोहळा मात्र आत, खालच्या पटांगणात होतो आणि तो बघायचा तर १०:४० पर्यंत तिथे जागा धरायला हवी. पाऊस जोराचा असेल तर बँड येत नाही किंवा सोहळाच रद्द होतो, याची मनाची तयारी ठेवा. ज्यांना यात रस नाही त्यांनी नेमक्या ह्याच अर्ध्या तासात राजदालनांत जावं: किल्ल्यातली निम्मी गर्दी खाली उभी असते. सोहळा संपला की हीच गर्दी शेजारच्या चॅपलमध्ये शिरते. तुम्ही तेव्हा वर चढा, चॅपल दुपारी बाहेर पडताना वाटेवरच लागतं. फक्त ते साडेतीनच्या पुढे ढकलू नका, ४ ला प्रवेश थांबतो.

राजदालनांच्या आधी क्वीन मेरीच्या बाहुलीघराची वेगळी रांग असते. घर १:१२ प्रमाणात, १९२१ ते १९२४ मध्ये बांधलेलं. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, संडासाची टाकी वाहते, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी वाइन आहे. वास्तुकार एडविन लुटियन्स. त्याच काळात तो दिल्लीत व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, बांधत होता. खोली लहान आणि अंधारी असल्यानं रांग सावकाश सरकते. ती लांब असेल तर सोडून थेट दालनांत जाता येतं; लहान मुलं बरोबर असतील तर सोडू नका. बाबागाडी दालनांच्या दाराशी ठेवावी लागते.

जिना चढून वर आलं की ग्रँड व्हेस्टिब्यूल. बहुतेक लोक इथे श्वास घेतात आणि पुढे जातात, आणि नेमकं इथेच आपल्याला थांबायचं असतं. काचेच्या कपाटात टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं वाघाचं डोकं आहे, लाकडावर सोन्याचा पत्रा, दात स्फटिकाचे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ते सिंहासन तोडून त्याचे भाग वाटले गेले. ट्राफल्गारच्या लढाईत ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला लागलेली गोळीही याच दालनात आहे.

तिथून वॉटर्लू चेंबर. नेपोलियनला हरवणाऱ्या राजांची, सेनापतींची आणि मुत्सद्द्यांची चित्रं, बहुतेक थॉमस लॉरेन्सची. ड्यूक ऑफ वेलिंग्टन इथे तलवार घेऊन उभा आहे. हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढला होता. वय तेव्हा चौतीस. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घेई असं सांगतात. कानातल्या आवाजाकडून असईची अपेक्षा ठेवू नका, गटप्रमुखानं ते आधीच सांगायचं. पायाखालचा प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला, कुठेही जोड नसलेला, वजन सुमारे दोन टन. याच फेरीत पुढे पहारेकऱ्यांच्या दालनात वेलिंग्टनच्या अर्धपुतळ्यावर एक छोटा तिरंगी फ्रेंच झेंडा दिसेल. वेलिंग्टनच्या वंशजांनी दरवर्षी १८ जूनला दुपारच्या आत असा नवा झेंडा राजाला द्यायचा, हे त्यांच्या जहागिरीचं भाडं.

सेंट जॉर्जेस हॉलमध्ये सगळे छताकडे बघतात. हे छत जुनं वाटतं, पण १९९७ सालचं आहे. २० नोव्हेंबर १९९२ रोजी शेजारच्या खाजगी प्रार्थनागृहात एका प्रखर दिव्यामुळे पडद्यानं पेट घेतला. आग सुमारे पंधरा तास चालली आणि शंभराहून जास्त खोल्यांचं नुकसान झालं. चित्रं आणि फर्निचर बरंचसं वाचलं, कारण विजेच्या तारा बदलायचं काम चालू असल्यानं अनेक दालनं आधीच रिकामी केली होती. दुरुस्तीला ३६.५ दशलक्ष पौंड लागले, त्यातला मोठा भाग १९९३ पासून बकिंगहॅम पॅलेस लोकांना तिकीट लावून दाखवण्यातून आला. छतावर गार्टर सरदारांच्या ढाली रंगवल्या आहेत. मधल्या काही कोऱ्या आहेत: ज्यांचा किताब काढून घेतला त्यांच्या. मुलांना त्या मोजायला लावा, तेवढ्यात मोठ्यांचा हॉल बघून होतो.

मन लावून ऐकणाऱ्याला राजदालनांना दोन तास लागतात, न ऐकणाऱ्याला पाऊण. चाळीस जणांचा गट इथेच फुटतो आणि तो फुटू द्यावा. 'सगळ्यांनी बरोबर राहा' म्हटलं की कोणालाच धड बघता येत नाही. आठ-दहा जणांचा एक प्रमुख आणि दीडची वेळ, एवढं बंधन पुरे.

जेवायला आत अंडरक्रॉफ्ट कॅफे आहे, जागा सुंदर, पण शाकाहारी आणि त्यातही जैन माणसांना निवड कमी. डबे आणले असतील तर बाहेर पडण्याआधी आतल्या दुकानातून परत येण्याचा पास मागून घ्या. एकदा तसंच बाहेर गेलात की चॅपल गेलं. बसायला लाँग वॉकचं गवत उत्तम. तिथून जवळजवळ सव्वाचार किलोमीटर सरळ रस्ता तिसऱ्या जॉर्जच्या घोड्यावरच्या पुतळ्यापर्यंत जातो, पण जेवणानंतर 'जाऊन येऊ' म्हणणाऱ्यांना आवरा, जाऊन-येऊन दोन तास मोडतात. कोच पार्कजवळचं अलेक्झांड्रा गार्डन्सही चालेल. तिथे नदीवरची बदकं आणि हंस पोळी हातातून ओढतात.

चॅपलचं काम १४७५ मध्ये सुरू झालं आणि १५२८ मध्ये संपलं. आत शिरताच वर बघायचं, दगडी पंख्यांसारख्या पसरलेल्या छताकडे. मग खाली, कारण बरेच राजे पायाखालीच आहेत. मधल्या भागात फरशीतल्या एका काळ्या संगमरवरी लादीखाली आठवा हेन्री, त्याची राणी जेन सीमोर आणि १६४९ मध्ये शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स. लोक बाजूंच्या लाकडी आसनांवरचे गार्टर सरदारांचे ध्वज बघत त्या लादीवरून चालत जातात. राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप सहाव्या जॉर्जच्या छोट्या स्मृतीगृहात आहेत. जाळीपुढे रांग सरकत असते, थांबायला मिळत नाही. ज्यांना थांबायचं आहे त्यांच्यासाठी संध्याकाळची प्रार्थना सर्वांना खुली असते, तिकीट लागत नाही.

परतीला कोच पाचच्या आत काढा, नाहीतर एम४ महामार्गावर लंडनकडे जाताना दीड तास अडकाल. सेंट्रल स्टेशनहून आगगाडीनं जाणाऱ्यांना स्लाऊला उतरावंच लागतं. रात्रीचं जेवण तिथेच उरकून, गर्दी ओसरल्यावर पॅडिंग्टनची गाडी धरणं सोयीचं. तिकिटं परतीचीही त्याच आठ जणांत आहेत, हे जेवायला बसण्यापूर्वी सांगा.