परतीच्या रात्रीची खिचडी

मुंबईचं विमान फ्रँकफर्टला उतरतं. तिथून रेल्वेने दीडेक तासात श्टुटगार्ट, मग लोकल, मग चढाची गल्ली आणि शेवटी तीन जिने. हातात दोन मोठ्या बॅगा, खांद्यावर पेंगुळलेलं मूल. दार उघडावं तर घर गार, फ्रीज रिकामा आणि वार रविवार.

रविवारी इथे दुकानं बंद असतात. किराणा नाही, भाजी नाही, दुधाची पिशवी नाही. मुख्य स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, पण नुकताच तिथूनच बॅगा ओढत आलेला माणूस पुन्हा तिकडे जाईल कसा? पहिल्या वर्षी आम्ही त्या रात्री शेजाऱ्यांना द्यायला आणलेल्या चकल्या फोडून खाल्ल्या, त्यावर कोरा चहा प्यायलो. लेक तेव्हा चार वर्षांची होती. "आजीकडे परत जाऊया" म्हणून ती रडत झोपली. मला ते फार लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे बॅग भरायच्या आधी एक बरणी भरली जाते. तिच्यात दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ. त्यावर कागदाची एक पुडी, तिच्यात हळद, हिंग, जिरं, चार मिरी आणि मीठ. डाळ-तांदूळ धुवायचे असतात, म्हणून मसाला वेगळा. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं: 'पाणी नऊ वाट्या, शिट्ट्या तीन.' इतकं लिहून कशाला ठेवायचं, असं नवरा आधी विचारायचा. पण आठ-नऊ तासांचं विमान आणि त्यात घड्याळ साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. भारताच्या हिशोबाने मध्यरात्र उलटून गेलेली असते. अशा वेळी डोकं चालत नाही, हात चालतात. लिहिलेलं असलं की हातांना पुरतं.

बरणीशेजारी 'हा-मिल्श'चे दोन खोके. हे इथलं टिकाऊ दूध, न उघडता महिनोन्‌महिने कपाटात राहतं, म्हणजे चहाची सोय झाली. फ्रीझरमध्ये पावाच्या काही स्लाइस आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेलं विरजण. भारतातून विरजण आणता येत नाही आणि इथल्या विकतच्या दह्याने लावलेलं दही आमच्या जिभेला तेच वाटत नाही. गोठवलेला एक खडा कोमट दुधात सोडला की पहिलं दही जरा पातळ लागतं, दुसऱ्या खेपेला नीट लागतं.

माझ्या मते प्रवासाची तयारी परत येणाऱ्या, दमलेल्या माणसासाठी करायची असते. निघणारा माणूस उत्साहात असतो, तो कसाही निभावतो.

इथलं घर बंद करणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडे कुलूप लावलं, चावी शेजारी दिली, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगितलं की झालं. इथे, या श्वाबेन भागात, 'केअरवोखे' नावाची रीत आहे. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीचा जिना आणि पुढचा फुटपाथ आठवड्याच्या पाळीने भाडेकरूंनीच झाडायचा-पुसायचा, हिवाळ्यात बर्फही काढायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. तुम्ही साताऱ्यात असा नाहीतर समुद्रात, पाटी तुमच्या दारावर आली की काम तुमचं. त्यामुळे तिकीट काढलं की दुसरं काम म्हणजे कॅलेंडर घेऊन समोरच्या आजींकडे जायचं आणि पाळी बदलून घ्यायची. मी आधी दोन आठवडे सलग झाडते, त्या नंतर माझे दोन करतात. हे अगदी गंभीरपणे ठरतं, त्यांच्या वहीत लिहिलं जातं, आणि मला ते आवडतं. जिना हा आमचा ओळखीचा पहिला धागा होता. त्यांना मुंबई नावाने माहीत होती, कारण १९६८ पासून श्टुटगार्ट आणि मुंबई ही भगिनी-शहरं आहेत. सातारा मात्र मी नकाशावर दाखवला.

त्यांच्याकडेच आमची तुळस जाते. जर्मनीतल्या हिवाळ्यात तुळस जगवणं सोपं नाही. तिला खिडकीतली उजेडाची जागा लागते, आणि हीटरच्या अगदी वर ठेवली तर पानं झडतात. आजी रोज बोटाने माती चाचपून बघतात आणि कोरडी लागली तरच पाणी घालतात. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं, त्यांच्या झाडांना त्या तसंच करतात.

टपाल हा दुसरा मोठा विषय. या देशात अजूनही महत्त्वाचं सगळं पत्राने येतं आणि पत्रावर मुदत असते. कर विभागाच्या निर्णयावर हरकत घ्यायला एक महिना, वाहतुकीच्या दंडावर दोन आठवडे. पिवळ्या पाकिटात पत्र आलं तर ते टाकणारा पोस्टमन पाकिटावरच तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. तुम्ही त्या दिवशी आजीच्या हातची पुरणपोळी खात होतात, हे कोणी विचारत नाही. पैसे भरून पोस्टाकडे पत्रं राखून ठेवता येतात, पण चार-पाच आठवड्यांच्या सुट्टीत मला ते पुरेसं वाटत नाही. पेटीची एक चावी ओळखीच्या मराठी मित्राकडे असते. तो आठवड्यातून एकदा पेटी उघडतो आणि पिवळं किंवा सरकारी पाकीट दिसलं की फोटो पाठवतो. नव्याने आलेल्यांना मी हे आवर्जून सांगते.

बाकी घरातली कामं झटपट उरकता येतात. ओल्या कचऱ्याचा डबा रिकामा करून धुवायचा, नाहीतर परत आल्यावर चिलटं स्वागताला असतात. हिवाळ्यात हीटर पूर्ण बंद करायचे नाहीत, १ किंवा २ वर ठेवायचे, म्हणजे नळ्या गोठत नाहीत आणि भिंतींना बुरशी धरत नाही. न्हाणीघरातल्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाण्याचं तेल ओतायचं. खालच्या वळणातलं पाणी आटलं की गटाराचा वास घरभर होतो, आणि तेलाच्या थराखाली ते पाणी लवकर आटत नाही. ही युक्ती माझ्या आईची, कोयनानगरच्या सरकारी क्वार्टर्समधली. ती श्टुटगार्टमध्येही तितकीच चालते.

आता बॅगा. खरं वजन भारतातून येताना असतं. जाताना आम्ही चॉकलेटं, कॉफी आणि बाबांसाठी एक स्वेटर नेतो, बॅगा निम्म्या रिकाम्या असतात. येताना मात्र निघण्याआधीचे दोन दिवस आमच्या साताऱ्याच्या घरात वजनकाट्याभोवतीच जातात. बाबा आधी स्वतः काट्यावर उभे राहतात, आकडा मोठ्याने सांगतात, मग बॅग उचलून पुन्हा उभे राहतात आणि आई वजाबाकी करते. मी हुकाचा छोटा काटा नेला आहे, पण बाबांचा त्यावर विश्वास नाही आणि मी आग्रह करत नाही. २३ किलोची मर्यादा असेल तर आम्ही साडेबावीसला थांबतो. घरच्या आणि विमानतळावरच्या काट्यात थोडा फरक पडू शकतो. त्या रांगेत बॅग उघडून आईने रचलेले डबे लोकांसमोर काढायची वेळ एकदा आली होती. तशी वेळ पुन्हा यायला नको.

लोणच्याची बरणी आम्ही बॅगेत घालत नाही. लोणचं जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, हवा दाबून काढायची, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती स्टीलच्या कडीच्या डब्यात, आणि डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. कडेला कधीच नाही, कारण बॅग आपटते ती कडेवर. मिरचीचं लोणचं तर हातातल्या बॅगेत चालतच नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आमसुलं, कुरडया, सांडगी मिरची या कोरड्या वस्तूंवर पदार्थाचं नाव इंग्रजीत लिहायचं. तपासणारा माणूस पिवळी पूड बघून विचारणारच. त्याला वाचता आलं की त्याचंही काम सोपं होतं आणि आपलंही.

खोबऱ्याच्या वाट्यांनी बऱ्याच जणांची फजिती होते. सुकं खोबरं विमान वाहतुकीच्या नियमांत धोकादायक वस्तूंमध्ये मोडतं, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. भाजून मसाल्यात कुटलेलं खोबरं डब्यात येतंच, आणि भाजीपुरता खोबऱ्याचा कीस इथे केक-बिस्किटांच्या सामानाच्या फळीवर 'कोकोसरास्पेल' नावाने मिळतो. मी आता तोच वापरते.

आणि पेढे. युरोपीय संघाबाहेरून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे, अगदी घरी खाण्यापुरतेसुद्धा. पहिल्या खेपेला हे मला ठाऊक नव्हतं. बाबा सकाळी लवकर जाऊन सातारचे ताजे कंदी पेढे घेऊन आले होते, दीड किलो, अजून कोमट. उतरल्यावर तपासणीत डबा उघडला गेला. "यात दूध आहे का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. अधिकारी शांतपणे बोलले, नियमाचा कागद दाखवला आणि डबा बाजूच्या पिंपात गेला. घरचं साजूक तूपही त्याच वाटेने गेलं. बाबांना फोनवर सांगताना माझा आवाज चिरकला. ते म्हणाले, "अगं, त्यांनी त्यांचं काम केलं. आपण पुढच्या वेळी घरीच बसून खाऊ." आता निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बसून आम्ही पेढे खातो, गल्लीतली चार पोरंही येतात.

फळं-पाल्याचंही तसंच. अननस, केळी, नारळ, खजूर आणि डुरियन ही पाच फळं सोडली तर बाकी ताज्या फळा-भाज्यांना रोपस्वास्थ्य प्रमाणपत्र, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. म्हणजे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही घरीच ठेवायची. नव्या वस्तूंची किंमत मोठ्या माणसामागे ४३० युरोंच्या वर गेली तर कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन जाहीर करायचं. लग्नात मिळालेलं नवं सोनंही त्यात धरलं जातं, अंगावर घातलं तरी. पावत्या हाताशी ठेवा.

कपडे मी माणसाप्रमाणे वेगळे भरत नाही. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड दुसऱ्याच्या बॅगेत असतो. एक बॅग आली नाही तरी सगळ्यांना घालायला काहीतरी असतं. बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर नोंद करायची आणि नोंदीचा क्रमांक घ्यायचा. मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात कधीच नाही.

गळ्यातल्या कापडी पाकिटात पासपोर्ट, रहिवासी कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि घराची किल्ली. मुंबईत चेक-इनच्या वेळीच कार्ड दाखवावं लागतं, ते बॅगेत गेलं की संपलं. त्याच्या मुदतीकडे निघण्याआधीच लक्ष द्यायचं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर साधा परवाना सहसा रद्द होतो, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्यांना १२ महिने मिळतात. आई-वडिलांच्या आजारपणात राहणं लांबत जातं, तेव्हा ही तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि किल्ली यासाठी की इथली दारं ओढली की बंद होतात, बाहेरून नुसती मूठ असते, फिरत नाही. रविवारी कुलूपवाला बोलावला तर तो मागेल ते पैसे द्यावे लागतात.

निघताना आई हातावर दही घालते. "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. बाबा बॅगांवर हात फिरवून कुलपं तपासतात, दोनदा.

गेल्या जानेवारीत परतलो तेव्हाही रविवारच होता. जिन्याचे दिवे लागले, पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या, पाटी आजींच्या दारावर होती. आमच्या उंबऱ्यासमोर पायपुसण्यावर तुळशीची कुंडी, शेंड्याला दोन नवी पानं. मी हीटर वाढवले, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात गरम पाणी काही मिनिटं वाहू दिलं, कारण आठवडे साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जंतू वाढू शकतात आणि असं करणं इथे शिकवलं जातं. नवऱ्याने बॅगा तशाच बाजूला उभ्या केल्या. लेक आता दहा वर्षांची आहे. तिने बरणी काढली, झाकणावरचं वाचलं, पुडी बाजूला ठेवून डाळ-तांदूळ तीन पाण्यांनी धुतले आणि नऊ वाट्या मोजल्या. पहिली शिट्टी झाल्यावर तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुकरसमोर धरला.