हीट पंपाला दुपारची पाळी

दिवाळीनंतर आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या घरातले दोन्ही गीझर काढले आणि छतावर २०० लिटरची टाकी न् हीट पंप बसवला. हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं. बसवून झाल्यावर प्रश्न आला, चालवायचं कधी?

घरगुती ग्राहकाला दर निवडायला तसा वाव नसतोच. १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३००, मग ५००, अशा पायऱ्या. पण महावितरणचा स्मार्ट मीटर असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. आमचा मीटर ऑगस्टमध्येच बदलला होता. तेव्हा मी कुरकुर केली होती, ती गिळली.

टायमर दुपारी १२ ते ४ लावला. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, आंघोळ सकाळची अन् पाणी दुपारी तापवाचं?" त्यांचं चूक नव्हतं. पण डिसेंबरात पहाटे इथे पारा दहाच्या आसपास असतो आणि दुपारी २७-२८ पर्यंत चढतो. हवा गरम तेवढी पंपाची मेहनत कमी. टाकीला जाड आवरण असल्यानं सकाळपर्यंत पाणी तीन-चार अंशच उतरतं.

मग कागद-पेन घेऊन बसले. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साधारण ७ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढे सातही युनिट मीटरवर चढवतो, पंपाचं दोनेक युनिटमध्ये भागतं. महिन्याला २१० ऐवजी ६०. आणि त्या ६० युनिटांवर सवलत किती? ४८ रुपये! ज्या सवलतीसाठी मी आठवडाभर डोकं खाजवलं, ती एका वेळच्या तर्री-पोह्यांची. खरा फायदा पायरीचा निघाला. हिवाळ्यात आमचं बिल ३६० युनिटांवर जायचं, ते २१० वर आलं. ३०० च्या पुढचा महाग दर लागलाच नाही.

जानेवारीत मात्र फसगत झाली. एका रात्री लाइन गेली न् पंपाचं घड्याळ शून्यावर आलं. लाइन आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, आणि घड्याळानं तिथूनच रात्रीच्या बारापासून मोजायला सुरुवात केली. म्हणजे त्याची दुपार आमच्या पहाटे तीनला. पाणी गरमच मिळत होतं, म्हणून कुणाला पत्ता नाही. मोबाईलवर तासागणिक वापर दिसतो, तो सहज उघडला तेव्हा पहाटेच्या रकान्यात उंच खांब! बसवणाऱ्या दादांना फोन केला तर म्हणाले, "बॅटरीचा सेल टाकायचा राहिला असेल, ताई." दहा दिवस राहिलाच होता.

पंपातून थंड हवा बाहेर पडते आणि थेंब-थेंब पाणी गळतं. सासूबाईंनी त्याखाली पितळी गंज ठेवला आहे. ते पाणी तुळशीला.

मार्चअखेर पंप बंद केला. आता दुपारी नळाचंच पाणी हात भाजतं. खसच्या नव्या ताट्या आणल्या त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "कूलरले बी भेटते का वं ते सवलत?"

भेटते. नऊ ते पाच.